न दिसणाऱ्या वायूंचा हिशेब

३० डिसेंबर २०२४ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक यंत्रणेकडे आपला चौथा द्वैवार्षिक अहवाल सादर केला. त्यातला ठळक आकडा असा : २०२० साली देशाचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन २९५ कोटी ९० लाख टन, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा ७.९३ टक्क्यांनी कमी. टाळेबंदीचं वर्ष असल्याने घट झाल्याचं नवल नाही. पण एवढ्या मोठ्या देशातल्या गिरण्या, ट्रक, चुली, गोठे आणि भातखाचरं यांतून बाहेर पडणारा अदृश्य वायू टनांत मोजला कुणी आणि कसा, हे समजून घ्यायला हवं. हवामान परिषदांमधली सगळी वचनं शेवटी याच आकड्यांवर तोलली जातात.

मोजमाप कमी, गुणाकार जास्त

बहुतेक उत्सर्जन थेट मोजलं जात नाही, त्याचा हिशेब मांडला जातो. कोणतं काम किती झालं याची नोंद घ्यायची आणि त्या कामाच्या एका एककामागे किती वायू निघतो, त्या आकड्याने तिला गुणायचं. या दुसऱ्या आकड्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात.

डिझेलचं उदाहरण सरळ आहे. एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८४० ग्रॅम, त्यात कार्बन सुमारे ७२० ग्रॅम. जळताना कार्बनच्या दर १२ भागांना हवेतला ३२ भाग ऑक्सिजन जोडला जातो. म्हणून लिटरभर डिझेलमधून २.६ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंधनाहून धूर जड कसा, असं अनेकांना वाटतं. वाढलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं असतं. देशात वर्षभरात किती डिझेल खपलं हे तेल कंपन्यांच्या विक्रीवरून कळतं, त्यामुळे हा हिशेब बराच भरवशाचा असतो. भारताच्या उत्सर्जनात ऊर्जेचा वाटा ७५ टक्क्यांवर असल्याने एकूण आकड्याचा पायाही इथेच पक्का होतो.

यातली पद्धत ठरवते ती हवामान बदलविषयक आंतरशासकीय समिती, म्हणजे आयपीसीसी. तिची २००६ची मार्गदर्शक तत्त्वं आज जगभर वापरतात. त्यांत तीन स्तर आहेत. पहिल्या स्तरात समितीने दिलेला सरासरी गुणांक, दुसऱ्यात देशाने स्वतः शोधलेला, तर तिसऱ्यात सविस्तर प्रारूपं किंवा प्रत्यक्ष मोजणी.

मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि शीतकरणातले फ्लोरिनयुक्त वायू यांची बेरीज कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत करतात. शंभर वर्षांचा काळ धरला तर एक टन मिथेन २८ टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो, एक टन नायट्रस ऑक्साइड २६५ टनांइतकी. वीस वर्षांचाच काळ धरला तर मिथेनचा आकडा ऐंशीच्या पुढे जातो. म्हणजे किती वर्षांचा काळ धरायचा, या निवडीवरही मिथेन सोडणारी गुरं आणि भात किती 'दोषी' हे ठरतं.

भातखाचरातला वाद

खाचरात पाणी साचलं की तळच्या चिखलातला ऑक्सिजन संपतो आणि तिथले सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थ कुजवून मिथेन बनवतात. तो बराचसा भाताच्या रोपातल्या पोकळ्यांमधूनच वर येतो.

१९९०च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातल्या भातशेतीतून वर्षाला सुमारे ३८० लाख टन मिथेन निघत होता. अमेरिका-युरोपातल्या शेतांत मिळालेले आकडे भारताच्या भातक्षेत्राला लावून हा अंदाज काढला होता. तो मान्य झाला असता तर तापमानवाढीचा मोठा बोजा इथल्या भात उत्पादकाच्या माथी बसला असता.

मग १९९१मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या खाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली. तिची रीत साधी आणि कष्टाची. रोपांच्या चुडावर पारदर्शक पेटी पालथी घालायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा ओढायची, प्रयोगशाळेत तिच्यातला मिथेन तपासायचा, आणि लावणीपासून कापणीपर्यंत हे करत राहायचं. उत्तर आलं वर्षाला सुमारे ४० लाख टन, आधीच्या अंदाजाच्या जेमतेम नवव्या हिश्श्याइतकं.

फरकाचं कारण जमिनीत आणि पावसात होतं. आपल्याकडची बरीच भातशेती पावसावरची. पाऊस उघडीप देतो, खाचर सुकतं, मातीत हवा शिरते आणि मिथेन बनणं थांबतं. इथल्या अनेक जमिनींत सेंद्रिय कर्बही कमी. कोकणातल्या शेतकऱ्याला ही उघडीप चांगली ठाऊक असते, पण दूरदेशीच्या तक्त्यात तिला जागा नव्हती. जो देश स्वतः मोजत नाही, त्याला दुसऱ्याने लिहिलेला आकडा मुकाट स्वीकारावा लागतो, हे त्या मोहिमेने दाखवून दिलं. माझ्या मते भारतीय विज्ञानाची ही कामगिरी शालेय पुस्तकात असायला हवी.

गुरांचंही तसंच. आयपीसीसीच्या २००६च्या तक्त्यात भारतीय उपखंडातली दुभती गाय वर्षाला ५८ किलो मिथेन सोडते, उत्तर अमेरिकेतली त्याच्या दुपटीहून जास्त. ती आकाराने मोठी, तिचा खुराक मोठा, दूधही कितीतरी अधिक. २०१९च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गाय-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी होत्या, तेव्हा दर जनावरामागे पाच किलोंची चूकही पंधरा लाख टनांवर जाते. इथल्या कोळशातही राख जास्त, उष्मांक कमी, म्हणून त्याचेही भारताचे स्वतःचे गुणांक आहेत. कचरा आणि सांडपाण्याचा हिशेब नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे (नीरी) असतो.

काय धरायचं, काय नाही

न्हावाशेव्याहून परदेशी निघालेल्या जहाजात भरलेलं इंधन भारताच्या बेरजेत येत नाही. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजं यांची नोंद वेगळी दाखवतात. ती कुठल्याच देशाच्या खात्यावर पडत नाही. साखर कारखान्यात जळणाऱ्या उसाच्या चिपाडाचा कार्बन डायऑक्साइडही ऊर्जेच्या बेरजेत धरत नाहीत, कारण तो उसाने नुकताच हवेतून घेतलेला असतो. आणि भारतात बनवून युरोपात विकलेल्या पोलादाचं उत्सर्जन भारताच्याच नावावर राहतं. जिथे धूर निघाला तिथे नोंद, असा नियम आहे. तो हिशेबाला सोपा, पण वापरणाऱ्याची जबाबदारी झाकणारा आहे.

उलट बाजूला जंगल आणि जमीन यांनी शोषलेला कार्बन वजा करतात. २०२०मध्ये ही वजावट ५२ कोटी २० लाख टन होती, म्हणून निव्वळ आकडा २४३ कोटी ७० लाख टनांवर आला. बातमीत उत्सर्जनाचा आकडा दिसला की तो वजावटीआधीचा की नंतरचा, हे आधी बघावं.

कुणी, केव्हा कळवायचं

१९९२च्या हवामान करारान्वये विकसित देशांनी दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत उत्सर्जनाची यादी द्यायची. विकसनशील देशांना मोकळीक होती. भारताचा पहिला राष्ट्रीय अहवाल २००४ साली गेला, तोही १९९४च्या आकड्यांचा. पॅरिस करारानंतर जवळजवळ सगळ्या देशांना दर दोन वर्षांनी पारदर्शकता अहवाल देणं बंधनकारक आहे. पहिल्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. यादी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, विकसनशील देशांना सवलतीने तीन. तज्ज्ञांचं पथक ती तपासतं, उणिवा दाखवतं, दंड मात्र करत नाही.

हवेतूनच पडताळणी

गुणाकार बरोबर आहे का, हे हवा स्वतः सांगू शकते. ब्रिटनने उंच मनोऱ्यांवर आणि आयर्लंडच्या मेस हेड केंद्रावर मोजलेल्या हवेवरून उलट गणित केलं, तेव्हा गाड्यांच्या एसीतला एक वायू यादीत जास्त धरल्याचं दिसलं. मग ब्रिटनने यादी दुरुस्त केली.

आपल्याकडे फरक उलट बाजूने निघाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहांनी मुंबई, दिल्ली, लाहोर आणि ब्वेनोस आयरेस या शहरांवरचा मिथेन पाहिला. शहरांचं उत्सर्जन आधीच्या अंदाजांच्या १.४ ते २.६ पट निघालं आणि त्यात काही ठिकाणी डम्पिंग ग्राउंडचा वाटा मोठा होता. ओल्या कचऱ्याचं प्रमाण, ढिगाची उंची आणि पावसाचं मुरलेलं पाणी यांवर तिथला मिथेन ठरतो. हा हिशेब नीट मांडण्यासाठी कचऱ्याच्या गाड्यांचं वजन वेळच्या वेळी नोंदवणं आणि ओल्या-सुक्याचे नमुने नियमित तपासणं हे काम महापालिकांनाच करावं लागेल.