पितळेची लकाकी आणि पितळेचे आरोग्य



पितळ घासावे कसे, हे वऱ्हाडातील गृहिणीस कोणी सांगावयास नको. अमरावतीस काय किंवा अकोल्यास काय, ज्या घरी अजून पितळेचा गुंड, गंगाळ किंवा बंब आहे, त्या घरी दिवाळीच्या आधी चिंच भिजत पडते, राख चाळली जाते आणि घटकाभरात काळवंडलेले भांडे सोन्यासारखे झळकू लागते. आजचा विषय त्याच पितळेच्या एका निराळ्या वस्तूचा आहे. रायफलीतून गोळी सुटल्यावर मागे जी रिकामी पुंगळी उरते, ती स्वच्छ करून पुन्हा भरण्याचा प्रघात नेमबाजांत जुना आहे. ही स्वच्छता कशी करावी, आणि विशेषतः कशी करू नये, हे आज पाहू.

प्रथम कायद्याची गोष्ट सांगून मोकळा होतो. शस्त्र अधिनियम १९५९ साली झाला. काडतूस तयार करणे हे परवान्यावाचून करण्याचे काम नव्हे; तो गुन्हा आहे. तेव्हा हे विवेचन परवानाधारक नेमबाजांसाठी आणि ज्यांना केवळ धातूचे गुणधर्म जाणून घ्यावयाचे आहेत अशा जिज्ञासूंसाठी आहे, असे समजावे.

पुंगळीचे पितळ म्हणजे शंभर भागांत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. हे प्रमाण ठेवण्याचे कारण असे की, असे पितळ थंड स्थितीतही न फाटता ओढले जाते. प्रथम चकती, चकतीची वाटी, वाटीची लांब नळी, अशा क्रमाने पुंगळी घडते. आपल्याकडील लोकांना हे काम फार दूरचे वाटावयास नको. अकोल्याहून मुंबईकडे जाताना भुसावळच्या अलीकडे वरणगाव लागते. तेथील सरकारी कारखान्यात लहान शस्त्रांची काडतुसे होतात. पुण्याजवळ खडकीचा कारखाना तर १८६९ सालचा.

पितळ जसजसे ओढावे तसतसे ते कठीण होते आणि त्याच्या अंगात एक ताण कोंडून राहतो. म्हणून मधूनमधून ते तापवून नरम करावे लागते. पूर्ण झालेल्या पुंगळीचे बूड कठीण आणि तोंड नरम ठेवलेले असते. बार उडाला की आत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब क्षणभर उत्पन्न होतो. पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, वायूला मागे येऊ देत नाही आणि लगेच किंचित आकसून मोकळी होते. हे बूड जर फाटले, तर तो तप्त वायू नेमबाजाच्या डोळ्यांच्या दिशेने येतो. एवढ्यासाठी पुंगळीची स्वच्छता हा केवळ टापटिपीचा प्रश्न नाही.

आता मळ म्हणजे काय ते पाहू. उडालेल्या पुंगळीवर तीन प्रकारचा मळ असतो. पहिला दारूच्या काजळीचा. दुसरा बुडाशी बसवलेल्या टोपीच्या स्फोटक मसाल्याचा. त्यात बहुधा शिशाचे क्षार असतात. तिसरा हवेमुळे धरलेला काळसर थर, आणि ओल लागली असेल तर हिरवे जंगाल.

काळा थर आणि जंगाल काढण्याचे काम आपली चिंच करते, कारण तिच्यात टार्टारिक आम्ल असते. लिंबात सायट्रिक आम्ल असते. ही सौम्य आम्ले धातूवरील थर विरघळवितात आणि खालच्या धातूस फारसे दुखवीत नाहीत. पुंगळ्यांसाठी एक लिटर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा लिंबूसत्त्व आणि थोडा साबण पुरेसा होतो. त्यात पाच-दहा मिनिटे बुडवाव्यात, हलवाव्यात, मग स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुऊन पूर्ण वाळवाव्यात. अधिक वेळ ठेवल्याने अधिक स्वच्छ होतील, ही समजूत चुकीची आहे. आम्ल तीव्र असेल किंवा पुंगळ्या फार वेळ बुडून राहिल्या, तर पितळातील जस्त निघून जाऊ लागते आणि पृष्ठभाग तांबूस दिसू लागतो. पितळ तांबूस झाले की ते उजळले असे समजू नये; ते झिजले असे समजावे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पुंगळ्या एकेक पाहाव्यात. त्यांत जिवंत काडतूस चुकूनही नसावे. चिरलेल्या पुंगळ्या बाजूस काढाव्यात. उडालेली टोपी काढून तिची खोबण साफ करावी. मग धुणे, आणि धुतल्यावर पुन्हा पाहणे. बुडाच्या थोडे वर चकाकणारे गोल कडे दिसले, तर तेथे पितळ पातळ झाले आहे व तेथूनच ती तुटणार, असे जाणावे. काजळीखाली हे कडे दिसत नाही. माझ्या मते पुंगळी धुण्याचे मुख्य प्रयोजन हेच आहे: धातू निरखता यावा. लकाकी हवीच असेल, तर अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाचा भरडा फिरत्या डब्यात घालून त्यात पुंगळ्या घोळतात.

आता एका मोठ्या धोक्याकडे वळतो. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराला एका प्रकाराने बुचकळ्यात टाकले होते. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत, आणि दारूगोळा घोड्यांच्या पागांत ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पाहावे, तो कित्येक न वापरलेल्या काडतुसांना चिरा पडलेल्या. विशेषतः पुंगळीचे तोंड गोळीवर जेथे आवळलेले असते तेथे. ऋतूशी संबंध दिसला म्हणून इंग्रजीत यास ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. त्याचा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला. घोड्यांच्या मूत्रापासून अमोनिया वायू निघत होता. पितळेच्या अंगात कोंडलेला ताण आणि बाहेरून लागणारा अमोनिया, ही दोन कारणे एकत्र आली की पितळ आपोआप चिरते. दोहोंपैकी एकच असेल, तर बहुधा काही होत नाही.

या कथेपासून घ्यावयाचा बोध सरळ आहे. बाजारात पितळ चकचकीत करणारी जी द्रावणे मिळतात, त्यांतील कित्येकांत अमोनिया असतो. तो तांब्याचा थर झपाट्याने विरघळवितो, म्हणून झळाळी तत्काळ येते. देवघरातील समईस ते एक वेळ चालेल. पुंगळीस मात्र ते कधीही लावू नये, कारण तिच्या अंगात ताण आहे आणि तिला दाब सोसावयाचा आहे. तसेच काडतुसांचा पट्टा गोठ्यात टांगू नये. पागेत जो वायू होता तोच गोठ्यातही असतो. भांड्यास चीर पडली तर तांबट डाख देऊन ती बुजवील. पुंगळीची चीर बुजविता येत नाही.

आणखी दोन सूचना. लष्करी काडतुसांच्या तोंडाशी निळसर-तपकिरी झाक दिसते. पुष्कळांस तो मळ वाटतो. वस्तुतः तोंड तापवून नरम केल्याची ती खूण आहे, आणि ती मुद्दाम राखलेली असते. ती घासून काढण्याच्या खटपटीत पडू नये. उलट, संपूर्ण पुंगळी विस्तवावर लाल करून मळ जाळणे हे तर सर्वांत वाईट. त्याने बुडाचा कठीणपणा जातो आणि पुढचा बार जिवावर बेतू शकतो.

दुसरी सूचना घरातील मंडळींसाठी. पुंगळ्यांच्या मळात शिसे असते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूस फार अपायकारक आहे. म्हणून स्वयंपाकाच्या पातेल्यात, मोरीत किंवा मुलांच्या देखत हे काम करू नये. भरडा चाळताना उडणारी धूळ श्वासात जाऊ देऊ नये. हात साबणाने धुतल्यावाचून घास तोंडात घालू नये. मुलांना रस्त्यात किंवा मैदानात पुंगळी सापडली, तर ती खेळावयास न ठेवता पोलिसांकडे द्यावी.

आपल्याकडे कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे लहानपणापासून सर्वांना ठाऊक असते. ते भांडे बाहेरून कितीही लखलखीत असो, जाणती गृहिणी आधी आतली कल्हई पाहते. पुंगळीच्या बाबतीतही हीच दृष्टी ठेवावी. लकाकी पाहणाऱ्याच्या समाधानासाठी असते. पितळ आतून निकोप आहे की नाही, हे ती सांगत नाही. ते सावकाश निरखूनच ठरवावे लागते, आणि शंका आली तर ती पुंगळी मोडीत टाकावी. नवी पुंगळी विकत मिळते; डोळा मिळत नाही.