घाटी, गुजर, मारवाडी : प्रदेशनामांचे अर्थ आणि अनर्थ

व्यापाऱ्याच्या खातेवहीत असामीच्या नावापुढे गावाचे नाव लिहिण्याची रीत फार जुनी आहे. एकाच नावाच्या चार असाम्या असल्या, तर निपाणीची कोणती आणि वेंगुर्ल्याची कोणती हे कळावे, एवढाच त्यातील हेतू. परंतु वहीतले हे गाव बाजारात उतरते, बाजारातून लोकांच्या तोंडी जाते आणि तेथे त्याचे टोपणनाव होऊन बसते. असे नाव कधी ओळखीपुरते राहते, कधी थट्टेचे होते आणि कधी वर्मी लागते. कोणत्या नावाचे काय झाले, याविषयी मात्र एका पेठेतील दोन दुकानदारांचेही एकमत होत नाही.

हा विषय यंदाच्या स्मरणिकेसाठी घेण्यास एक प्रसंग कारण झाला. आमच्या संघाच्या एका सभासदांच्या बेळगावातील पेढीवरून गेल्या दोन पिढ्या चोर्ला घाटाने गोव्यात गूळ व कडधान्ये जातात. मागील वर्षी पेढीचे तरुण नातू शुक्रवारच्या बाजाराआधी माल घेऊन म्हापशास गेले असता, तेथील एका वखारीवरच्या मुकादमाने त्यांस चारचौघांत ‘ए घाट्या’ अशी हाक मारली. हे गृहस्थ शिकलेले व मानी. त्यांनी अर्धा माल उतरलेला तसाच ठेवला, गाडी फिरवली आणि घर गाठले. पुढे चार महिने दोन्ही पेढ्यांचा व्यवहार बंद राहिला. आजोबांना हे कळले तेव्हा ते हसून म्हणाले, “अरे, आम्हांला तर ते जन्मभर घाटी म्हणत आले आणि आम्ही त्यांना कोकणे म्हणत आलो. हुंडी कधी परत आली नाही!” नातवाचे उत्तर असे होते, “आजोबा, तुम्हांला म्हणत तेव्हा ते तुमच्या शेजारी बसून चहा घेत. मला म्हणाले ते हमालांना हसवण्यासाठी.”

संघाच्या बैठकीत या गोष्टीवर दोन तास चर्चा झाली आणि जितकी माणसे तितके अर्थ निघाले. ते ऐकल्यावर या नावांची थोडी पूर्वपीठिका वाचकांपुढे मांडावी असे आम्हांस वाटले.

घाटी

‘घाट’ म्हणजे डोंगर चढून जाण्याची वाट. सह्याद्रीच्या पश्चिमेस कोकण व गोवा, पूर्वेस वरचे पठार, म्हणजे ‘देश’. आणि या दोहोंना जोडणाऱ्या त्या वाटा म्हणजे घाट. पुढे इंग्रजांनी या वाटांवरूनच सबंध पर्वतरांगेला ‘घाट’ हे नाव दिले. आंबोलीचा रस्ता होण्यापूर्वी बेळगावहून वेंगुर्ले बंदराकडे उतरण्याची मुख्य वाट रामघाटाची होती. लमाण व वंजारी यांचे बैलांचे तांडे खालून मीठ आणीत आणि वरून धान्य नेत. खालच्या माणसाच्या दृष्टीने वरून येणारा प्रत्येक जण ‘घाटावरचा’, म्हणून ‘घाटी’. गोव्यात हाच शब्द किंचित नाकात ‘घांटी’ असा उच्चारतात. येथवर त्यात दिशेपलीकडे काही नाही. वरचे लोक मात्र स्वतःस घाटी कधीच म्हणत नाहीत. ते स्वतःस ‘देशावरचे’ म्हणवतात. हे नाव समोरच्याने ठेवलेले आहे, आणि वादाचे बीज येथेच आहे.

मुंबईत या शब्दाने आणखी एक वळण घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कापडाच्या गिरण्या निघाल्या. त्यांत राबण्यास मुख्यतः रत्नागिरीकडील कोकणी माणूस गेला आणि त्याच्या जोडीला सातारा-पुण्याकडचा घाटी गेला. प्रथम हा भेद कामगारांमधलाच होता. पुढे मुंबईतील अमराठी लोकांनी हमाल, घरगडी, गिरणीकामगार अशा कोणाही मराठी माणसास ‘घाटी’ म्हणण्याचा प्रघात पाडला. तेव्हा कोकणच्या माणसाने दुसऱ्यासाठी योजलेले नाव अखेर त्याच्याच वाट्याला आले. शब्दातील डोंगर गेला आणि हलक्या कामाचा वास तेवढा राहिला. आमच्या तरुण सभासदास जो शब्द बोचला तो हा मुंबईहून फिरून आलेला शब्द होता. आजोबांच्या कानांत होता तो रामघाटाचा.

याउलटही घडते. लसूण, सुके खोबरे आणि तिखट यांची जी कोरडी चटणी ‘घाटी मसाला’ म्हणून पुड्यांतून विकली जाते, तिच्यावरील ते नाव वाचून कोणी रागावत नाही. उलट त्या नावामुळेच ती खपते. छत्रपती संभाजीनगर येथील (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) शासकीय रुग्णालयास तर सारा मराठवाडा ‘घाटी’ याच नावाने ओळखतो. “घाटीत दाखल केले” या वाक्याचा म्हापशात आणि मराठवाड्यात एकच अर्थ होणार नाही.

गुजर

सातारा-कोल्हापूरकडे ‘गुजराचे दुकान’ म्हणजे गुजरातेतून पूर्वी येऊन स्थायिक झालेल्या वाण्याचे दुकान. त्या गुजरास मराठी घरच्यासारखी येते, त्याच्या चार-पाच पिढ्या येथेच गेलेल्या असतात, तरी नाव सुटत नाही. पण शहादे-नंदुरबारकडे जावे तर तेथे गुजर म्हणजे शेतकरी. रेवे गुजर, दोरे गुजर असे त्यांचे भेद आहेत आणि तागडीशी त्यांचा परंपरेने संबंध नाही. आणि आमच्या बेळगावापासून जवळच, गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी येथे १६७४ साली ज्यांनी देह ठेवला ते शिवछत्रपतींचे सरनौबत प्रतापराव, त्यांचेही आडनाव गुजरच. वाणी, शेतकरी आणि सेनापती या तिघांना एकाच नावाने हाक मारता येते; तेव्हा नावावरून धंदा वा स्वभाव ठरवणाऱ्याने आधी गाव विचारलेले बरे.

कोल्हापुरातील सराफांच्या ‘गुजरी’विषयीही असेच दोन पक्ष आहेत. गुजर व्यापाऱ्यांची म्हणून गुजरी, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, मराठीत गुजरी म्हणजे सायंकाळी भरणारा बाजार; त्या शब्दाचा गुजरातशी संबंध लावण्याचे कारण नाही. दोन्ही पक्षांचे लोक सोने मात्र त्याच गल्लीत घेतात.

मारवाडी

आता आपल्या अंगणातील शब्दाकडे वळू. मारवाड म्हणजे जुन्या जोधपूर संस्थानाचा मुलूख. ‘मरु’ म्हणजे वाळवंट, हे त्यातील सर्वमान्य पद. तेथील तो मारवाडी, हा सरळ अर्थ. परंतु कलकत्ता, मुंबई, हैदराबाद येथे ज्यांना मारवाडी म्हणतात त्यांतील पुष्कळ घराणी मारवाडातील नव्हेतच. शेखावाटी हा जयपूर संस्थानातील प्रदेश, आणि पिलानीचे बिर्ला घराणे तेथले. खंडेलवालांचे खंडेलाही तिकडचेच. ओसवाल मात्र आपले मूळ जोधपूरजवळच्या ओसियां गावी सांगतात. उदयपूरचा माणूस तर मेवाडचा. त्यास मारवाडी म्हटलेले रुचत नाही. राजस्थानात जे भेद महत्त्वाचे, ते नर्मदेच्या दक्षिणेस आल्यावर पुसले जातात आणि एकच शब्द उरतो.

त्या शब्दास व्याजाचा वास कसा लागला, हेही सांगितले पाहिजे. ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः मारवाडी व गुजर सावकारांवर होता. त्यांच्या ताब्यातील कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनमधील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कापसाचे पडलेले भाव, वाढवलेला शेतसारा, कर्जाची कोर्टातून होणारी वसुली अशी त्यामागे अनेक कारणे होती. सावकारांत सर्व जातींचे लोक होते. पण जो परका तो डोळ्यांत भरतो. त्यामुळे ‘मारवाडी’ हे प्रदेशाचे नाव न राहता वृत्तीचे नाव झाले, आणि घासाघीस करणाऱ्या कोणासही ‘काय मारवाडी आहेस!’ असे म्हणण्याची सवय मराठी बोलीत मुरली. काही पूर्वजांच्या कठोर वसुलीने ती सवय लावली, हे आपणही मान्य करावे; मात्र तिचा भार आजच्या प्रत्येक नव्या दुकानदाराने वाहावा, हे न्याय्य नव्हे.

यातून आणखी एक गैरसमज निपजतो : जैन म्हणजे मारवाडी. बेळगाव-कोल्हापूर भागातील बहुसंख्य जैन हे पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत नांगर धरणारे दिगंबर जैन आहेत. त्यांची मातृभाषा कानडी वा मराठी. रयत शिक्षण संस्था १९१९ साली स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजच्या अशाच घराण्यात जन्मले. उलटपक्षी, उद्योगपती वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले, पण त्यांचे घराणे गुजरातेतून आलेले. दोघेही जैन, आणि दोघांपैकी एकही मारवाडी नव्हे.

दक्षिणी

महाराष्ट्राबाहेरील आपल्या बांधवांचा अनुभव याहून निराळा आहे. शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरीस, होळकरांबरोबर इंदुरास आणि गायकवाडांबरोबर बडोद्यास गेलेल्या मराठी कुटुंबांना तेथे ‘दक्षिणी’ म्हणत. तेथे तो राज्यकर्त्यांच्या परिवाराचा शब्द असल्याने त्यात आदर होता, थोडी असूयाही होती. तोच मराठी माणूस मुंबईस आला की स्वतः तमिळ, तेलुगू, कानडी, मल्याळी अशा सर्वांना सरसकट ‘मद्रासी’ म्हणू लागतो. मद्रास राज्याचे नाव १९६९ साली तमिळनाडू झाले, मद्रास शहराचे १९९६ साली चेन्नई झाले, तरी हा शब्द गेला नाही. हैदराबाद संस्थानात ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ या शब्दांना तर कायद्याचे बळ मिळाले. सरकारी नोकरी कोणास मिळावी हे त्यावरून ठरू लागले आणि १९५२ साली त्यावरून मोठे आंदोलन पेटले. शब्द साधाच, पण त्याच्या पाठीशी पोटाचा प्रश्न आला की तो साधा राहत नाही.

संघापुढील प्रश्न

बैठकीत तीन मते पडली. पहिले मत ज्येष्ठांचे : ही भूगोलाची नावे आहेत, मनावर घेऊ नयेत. दुसरे तरुणांचे : ज्या नावाने हसे होते ते नाव अपमानाचेच, त्यास विरोध केलाच पाहिजे. तिसरे मत आमच्या एका सोलापूरच्या स्नेह्यांनी मांडले, आणि ते आम्हांस अधिक पटले. ते म्हणाले, “शब्दाचा अर्थ कोशात पाहू नका. कोण बोलला, कोणास बोलला आणि ऐकणारे कोण होते, एवढे पाहा. आणि लागले की नाही, हे ज्यास लागले त्यालाच विचारा.”

यानंतर एक अवघड गोष्ट निघाली. ‘घाट्या’ या हाकेचा सर्वांत जास्त निषेध ज्यांनी केला, त्यांच्याच मागे बसलेल्या राजस्थानातून अलीकडे आलेल्या एका तरुण दुकानदाराने उभे राहून नम्रपणे विचारले, “काका, मला आपण तीन वर्षे नावाने ओळखता, तरी दुकानात हाक मारता ती ‘मारवाडी’ अशी. ती कोणत्या अर्थाने?” सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. काकांनी मग त्याच्याजवळ जाऊन त्याचे नाव घेतले आणि त्यास पुढच्या रांगेत आणून बसवले. त्याच वेळी हेही ध्यानात आले की, संघाच्या सभासद-नोंदवहीत ‘स्थानिक’, ‘गुजर’, ‘मारवाडी’ असे तीन रकाने कित्येक वर्षे चालत आले होते, आणि मेवाडचे दोन सभासद त्यांत मुकाट्याने मारवाडी होऊन बसले होते.

म्हापशाचा व्यवहार पुन्हा सुरू झाला आहे. तेथील पेढीचे ज्येष्ठ मालक दिवाळीत स्वतः घाट चढून आले आणि त्यांनी नातवास नावाने हाक मारून बिदागीचा नारळ दिला. आजोबांनी त्यांना जुन्या सवयीने “या कोकणेशेठ” म्हटले, आणि दोघे हसले. तेवढे त्या दोघांचे आपसांत. त्यास कोणाची हरकत नसावी.

आमची सभासद बांधवांस विनंती इतकीच : आपल्या पेढीवरील मुनीम, दिवाणजी, मुकादम यांस सांगावे की, गिऱ्हाइकास आणि गाडीवानास नावाने हाक मारावी, नाव ठाऊक नसेल तर विचारावे. संघाच्या नोंदवहीतील ते तीन रकाने या वर्षापासून काढून टाकले असून त्यांच्या जागी ‘मूळ गाव’ असा एकच रकाना घातला आहे. तो ज्याचा त्याने स्वहस्ते भरावयाचा आहे.