इंजिन चालू, गाडी ठप्प

होसूर रोडवरच्या उड्डाणपुलावर ऑटोमॅटिक गाडी अचानक थांबते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी हलत नाही. ‘गिअरबॉक्स गेला!’ असे लगेच म्हणू नका. आधी हँडब्रेक ओढा, धोक्याचे दिवे लावा, माणसांना रहदारीपासून दूर करा.

मग क्रमाने तपासा. लिव्हर ‘डी’वर असताना डॅशबोर्डवरही ‘डी’च दिसतो का? नसेल, तर दोष लिव्हरच्या केबलचा असू शकतो. गाडीखाली तेल गळले आहे का? गिअरबॉक्समधले क्लच तेलाच्या दाबानेच पकड घेतात. तेल संपले की ओढ संपली.

दोन्ही ठीक असल्यास ‘पी’ला विचारा. ‘पी’मध्ये गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा अडकतो. गाडी सपाट, सुरक्षित जागी असेल तरच हँडब्रेक सोडून हलकेच ढकला. एक जण ब्रेकपाशी हवाच. ‘पी’मध्येही ती पुढे सरकत राहिली, तर बहुधा चाकाकडे जाणारा अ‍ॅक्सल तुटला आहे आणि गिअरबॉक्स शाबूत असू शकतो. ‘पी’ धरतो, पण ‘डी’ आणि ‘आर’ दोन्ही ओढत नाहीत, तर संशय गिअरबॉक्सवर.

गाडी दोरीने ओढू नका. इंजिन बंद असताना तेलाचा पंपही बंद असतो आणि गिअर कोरडे फिरतात. ट्रकवर चढवूनच न्या.

कॅडेट मित्रांनो, आधी तपास, मग निकाल!