उजेड रंग उडवतो, छाप उठवतो, जंतूही मारतो

कापडाच्या दुकानात शोकेसमध्ये महिना-दोन महिने राहिलेला तागा उलगडला की घडीच्या कडेवर फिकट पट्टा दिसतो. गिऱ्हाईक भाव पाडून मागते आणि दुकानदार रंगाऱ्यावर चिडतो. कधी दोष रंगाऱ्याचा असतोही, परंतु बहुधा चोर समोरच्या काचेतून आलेला असतो. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना त्याची ओळख व्हावी म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

‘ऊन लागून रंग उडाला’ असे म्हणताना आपल्या मनात उष्णता असते. उष्णता आणि उजेड यांची कामे वेगळी आहेत, हे जर्मनीतील योहान हाइनरिख शुल्त्झे यांना १७१७ च्या सुमारास दिसून आले. चांदी विरघळलेल्या तेजाबात त्यांनी खडू कालवला होता. बाटलीची खिडकीकडची बाजू काळी पडली. भट्टीच्या उष्णतेने मात्र काहीच झाले नाही. मग त्यांनी अक्षरे कापलेला कागद बाटलीवर लावला, तर आतल्या खडूवर तीच अक्षरे उमटली. पुढे फोटोग्राफी मुख्यतः चांदीच्या अशाच क्षारांवर उभी राहिली.

१८०१ साली योहान रिटर यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात सिल्व्हर क्लोराइड ठेवले. तांबड्या बाजूला ते जवळजवळ तसेच राहिले, जांभळ्याकडे लवकर काळवंडले आणि जांभळ्याच्याही पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तेथे सर्वांत जास्त. हेच अल्ट्राव्हायोलेट किरण.

स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्यांना हे हाताने ठाऊक आहे. बायक्रोमेट घातलेले जिलेटिन उजेडाने घट्ट होते आणि मग पाण्यात विरघळत नाही. टॅल्बट या इंग्रज गृहस्थांनी १८५२ साली त्याचे पेटंट घेतले. पॉझिटिव्हच्या काळ्या भागाखालचे जिलेटिन मऊ राहते, धुऊन जाते आणि तेथून शाई उतरते. कोटिंग पिवळ्या बल्बखाली करतात, कारण पिवळा उजेड त्यावर काम करीत नाही. (बायक्रोमेट विषारी आहे. उघड्या हाताने ते कालवणारे कारागीर आजही आहेत, त्यांनी रबरी मोजे घालावेत.)

शोकेसच्या काचेवर पिवळा पारदर्शक कागद लावतात तो याच कारणाने. त्यात माल मात्र पिवळा दिसतो. आता अल्ट्राव्हायोलेट अडवणारी बिनरंगी फिल्म मिळते, पण साध्या उजेडानेही रंग उडतोच, फक्त सावकाश. आमच्या मते मांडलेला माल आठवड्याला बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

उजेडाने जंतू मरतात हे इंग्लंडच्या डाऊन्स व ब्लंट यांनी १८७७ साली दाखवले. अमेरिकेत विल्यम वेल्स यांनी १९३० नंतरच्या दशकात सिद्ध केले की खोकल्यातील बारीक थेंब सुकून हवेत तरंगत राहतात. फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत त्यांनी छताजवळ अल्ट्राव्हायोलेट दिवे लावले. १९४१ च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांत लागण कमी झाली. दिवे मुद्दाम उंचावर होते, मुलांच्या डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून.

या दिव्यांचा उजेड मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा असतो. तो विषाणूच्या आतील आनुवंशिक धाग्याची वीण बिघडवतो, त्यामुळे विषाणूला आपली नक्कल काढता येत नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात अल्ट्राव्हायोलेटच्या नावाने पेट्या आणि कांड्या बाजारात आल्या. घेणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. गल्ल्यावरची नोटा तपासण्याची जांभळी ट्यूब साधारण ३६५ नॅनोमीटरची असते. तिने नोटेतला धागा चमकतो, पण जंतू मारण्याचे काम तिच्यावर सोपवू नये. दुसरे, २५४ चा उजेड साध्या काचेतून बाहेर येत नाही, म्हणून खऱ्या ट्यूबला क्वार्ट्झ किंवा खास काच लागते. तो डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो. हात त्याखाली धरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही तेव्हा बजावले होते.

आणि अशी ट्यूब रात्रभर उघड्या मालावर लावून ठेवू नये. प्लास्टिक पिवळे पडून ठिसूळ होते, कापडाचा रंगही उतरतो.