वास डोळ्यांनी पाहायचा!

शाळेच्या पांढऱ्या शर्टावर आमटी सांडलीय कधी? पिवळा डाग पडतो. मग आई त्यावर साबण घासते, आणि अरेच्चा, डाग लाल! घाबरू नका. ही हळदीची करामत. हळदीला चुना लागला तरी ती अशीच लाल होते.

हळदीतल्या पिवळ्या रंगाचं नाव कुरक्युमिन. साबण किंवा चुन्यासारखा आम्लारी पदार्थ भेटला, की कुरक्युमिन आपल्याजवळचा थोडा हायड्रोजन त्याला देऊन टाकतं. त्यामुळे ते प्रकाशातले वेगळेच रंग शोषू लागतं आणि आपल्याला लाल दिसतं. वर लिंबू पिळा, पिवळा रंग परत!

आता खरी गंमत. अमोनिया वायूही पाण्यात विरघळला की आम्लारी होतो. बर्फाच्या कारखान्यात थंडावा आणण्यासाठी हा वायू वापरतात, आणि तो गळला तर डोळे-घसा जाळतो. हळदीचा ओला कागद अमोनियात धरला, तर तोही लालसर होतो. म्हणजे कागदाला वास आला, आणि तो आपल्याला दिसला!

पण आपल्याला नाक असताना हा खटाटोप कशाला? कारण नाक फसतं. गटारात, मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण वायू खूप वाढला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, वायू गेला. किती भयंकर! शिशाच्या क्षाराचा लेप दिलेला ओला कागद मात्र तिथे काळा पडतो.

हा रंगाचा थर अगदी पातळ हवा, बरं का. जाड थापला तर वायू वरच्यावरच अडकेल आणि आतल्या रंगाला पत्ताही लागणार नाही.

एका रंगाला सगळे वायू कसे ओळखता येणार? म्हणून अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात केनेथ सस्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या 36 रंगांचे ठिपके टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत छापले. वायू आला की काही ठिपके बदलतात, काही तसेच राहतात. जणू ठिपक्यांची रांगोळीच, आणि प्रत्येक वायूची रांगोळी निराळी! 2009 साली त्यांनी दाखवलं, की जिवाला धोका होईल इतक्या प्रमाणात असलेले 19 विषारी वायू हे ठिपके दोन मिनिटांत वेगवेगळे ओळखतात. आधीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहायला साधा स्कॅनर पुरला.