पोरगी घरी आली नाही, तर पहिला फोन कुणाला?

मैत्रिणींनो, मुलगी सापडत नाही म्हटल्यावर घरात पहिलं वाक्य काय येतं? "बोभाटा नको, सकाळपर्यंत वाट बघू." तेवढ्या एका रात्रीत गाडी दुसऱ्या राज्यात पोचते.

चोवीस तास थांबायचा नियम कुठेही नाही. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर पोलिसांनी गुन्हाच नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी धरूनच तपास सुरू करायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं आहे. "आमची हद्द नाही" हे उत्तरही ऐकून घेऊ नका. झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात होते.

तस्करी म्हणजे तोंड दाबून पळवणं एवढंच नाही. कामाचं आमिष, हुंडा न घेता लग्न, घरच्यांच्या हातावर ठेवलेली उचल, हेही त्यात येऊ शकतं. "ती स्वतःच्या पायांनी गेली" म्हणून गुन्हा पुसला जात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये पीडितेच्या संमतीला किंमत नाही.

आता समजा, नववीतली पोरगी "शहरात काम मिळतंय" म्हणून एका बाईबरोबर गेली. बाई कुणाकडे उतरली होती हे अंगणवाडी ताईला ठाऊक. पोरगी किती दिवस गैरहजर, हे गुरुजींच्या हजेरीपटावर. रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला फलाटावर घाबरलेली मुलगी दिसते, पण ती कुठली हे त्याला कळत नाही. प्रत्येकाकडे एकेक तुकडा, आणि जोडणारं कुणी नाही! १०९८ हा नंबर त्यासाठीच आहे. चोवीस तास चालू, फोन फुकट. तिथून पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि रेल्वेपर्यंत निरोप जातो. गावातही ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष. तुमच्या गावची शेवटची बैठक कधी झाली, ते पुढच्या ग्रामसभेत विचाराच.

मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समिती घरची चौकशी करून मगच ठरवते. आई-बाप रागावतात, "आमचीच पोर आम्हाला का देत नाही?" पण विकणारा घरातलाच निघाला तर? ही चौकशी त्यासाठी असते.

मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असेल तर मात्र रस्ता बदलतो. तिथे १८१ आणि जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर. माझ्या मते सगळ्यात जास्त मुली याच सांध्यात सुटतात. लहान मुलांची यंत्रणा म्हणते ती मोठी झाली, आणि मोठ्यांची यंत्रणा तिला ओळखतच नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

गटात एक काम आजच करता येईल. कुणीही बाहेरगावी कामाला निघालं की मुकादमाचं नाव, फोन, गाडीचा नंबर आणि जायचं ठिकाण गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. दलालाचा संशय आला तर त्याच्या दारात जाऊन भांडू नका, तो सावध होऊन मुलीला हलवतो. आधी ११२ लावा.

मुलगी परत आली की तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, अगदी "सापडली हो" म्हणून आनंदानेसुद्धा. अल्पवयीन पीडितेची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.