‘सेपरेट’ : एका शब्दाचे दोन संसार

गिरगाव-दादरच्या चाळींतून एके काळी ‘त्यांचं सेपरेट आहे’ हे वाक्य थोड्याशा हेव्याने उच्चारले जाई. सासू-सासरे, दीर-जावा यांच्या गर्दीतून जोडपे बाहेर पडले, डोंबिवलीला नाहीतर बोरिवलीला ब्लॉक घेतला, स्वतंत्र गॅस आला, की ते ‘सेपरेट’ झाले. आता ‘ते सेपरेट झाले’ हे आवाज खाली आणून सांगितले जाते, आणि ऐकणारा समजतो की त्या ब्लॉकमध्ये दोघांपैकी एकच जण उरला आहे. मराठी प्रतिशब्दाची तऱ्हाही तीच. ‘विभक्त कुटुंब’ म्हणजे नवरा, बायको, मुले एकत्र राहणारे घर. आणि ‘विभक्त पती-पत्नी’ म्हणजे नेमके उलटे!

इंग्रजीत या शब्दाला कायद्याचा इतिहास आहे. १८५७ पूर्वी इंग्लंडात विवाहाची प्रकरणे धर्मपीठाच्या न्यायालयांत चालत. छळ किंवा व्यभिचार सिद्ध झाला तर ते न्यायालय ‘डिव्होर्स’ देई खरे, पण तो शय्या आणि भोजनापुरता. दोघांनी एकत्र राहायचे नाही, पण लग्न मात्र कायम. दुसरे करायची सोय नाही. पूर्ण मोकळीक हवी असेल तर पार्लमेंटकडून स्वतःपुरता कायदा करून घ्यावा लागे. तो कोणाला परवडत असेल, हे सांगायला नको. १८५७ च्या कायद्याने हा कारभार दिवाणी न्यायालयाकडे आला आणि त्या अर्ध्या घटस्फोटाला ‘ज्युडिशियल सेपरेशन’ हे नवे नाव मिळाले.

हीच कल्पना १८६९ च्या कायद्याने येथील ख्रिस्ती समाजाला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या दहाव्या कलमाने हिंदूंना लागू झाली. न्यायालयाने असा हुकूम दिला की एकत्र राहण्याचे बंधन सुटते, लग्न सुटत नाही. वर्षभरात पुन्हा संसार सुरू झाला नाही, तर दोघांपैकी कोणीही त्या आधारावर घटस्फोट मागू शकतो. तोवर मात्र ती पत्नीच असते. नवरा मृत्युपत्र न करता वारला तर ती पहिल्या वर्गातली वारस. घटस्फोट झालेली नव्हे. एका शब्दाच्या अलीकडे-पलीकडे घर आणि जमीन असते ती अशी.

संमतीच्या घटस्फोटासाठीही वर्षभर ‘वेगळे राहणे’ आवश्यक आहे. पण वेगळे म्हणजे किती वेगळे? मुंबईत दुसरी खोली आणायची कोठून? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले की येथे प्रश्न जागेचा नाही, पती-पत्नी म्हणून न राहण्याचा आहे. एका छपराखालीही माणसे विभक्त असू शकतात. हे शेजाऱ्यांना न्यायालयाच्या आधीपासून ठाऊक असते, ही गोष्ट वेगळी.

आपले जुने शब्द पाहा. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी : काहीतरी मोडले, काहीतरी लिहून दिले, विषय संपला. घटस्फोट तर मुळात नवरा-बायकोचा शब्दच नव्हे. धर्मशास्त्रात पतिताला जातीबाहेर टाकताना पाण्याने भरलेला घट उपडा करीत आणि जिवंतपणीच त्याला मेलेला मानीत, तो घटस्फोट. पण या सगळ्या शब्दांत निकाल आहे. निकाल न लागलेल्या अवस्थेसाठी गावाकडे एकच शब्द आहे : ‘टाकलेली’. त्याचे पुल्लिंगी रूप मी तरी ऐकलेले नाही. पुरुष ‘सेपरेट’ राहतो, बाई टाकलेली असते. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी ‘परित्यक्ता’ हा शब्द रुळवला. तो सभ्य आहे, पण त्यातही तिला कोणीतरी सोडलेलेच आहे.

या स्त्रिया किती? २००१ च्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त एकाच रकान्यात होते. २०११ मध्ये रकाने वेगळे झाले, तेव्हा देशात घटस्फोटित साडेतेरा लाखांच्या आसपास आणि विभक्त त्यांच्या अडीचपटीहून अधिक निघाले. दोन्हींत बायकाच जास्त.

यांतल्या कित्येकींच्या हाती न्यायालयाचा कागद नसतो. असलाच तर नोटरीपुढे केलेला स्टँप पेपर. ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत’ या छापाचे वाक्य त्यावर असते आणि तिची सही. जमातीत तशी रूढी आहे हे सिद्ध करता आले तर गोष्ट निराळी, एरवी अशा कागदाने लग्न मोडत नाही. पण पोटगीचा हक्क अडचणीत येऊ शकतो. पूर्वीचे फौजदारी संहितेचे कलम १२५ आणि जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले नव्या संहितेचे कलम १४४, दोन्हींत अट तीच : परस्पर संमतीने वेगळे राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाही. म्हणजे भावकीच्या बैठकीत, ‘तमाशा नको’ म्हणून केलेली सही पुढे तिच्याच विरुद्ध उभी केली जाते. न्यायालयातून रीतसर घटस्फोट घेतलेल्या, पुन्हा लग्न न केलेल्या स्त्रीला मात्र पोटगी मागता येते.

कोर्टाच्या आवारात टंकलेखन यंत्र घेऊन बसणारे जुने अर्जनवीस अशा बाईच्या अर्जात ‘विभक्त’ लिहीत नसत. ते लिहीत, ‘जाबदार अर्जदारास नांदवत नाही’. कोण घरात घेत नाही आणि कोणाला घेत नाही, दोन्ही त्यात आले.